रेमीबाईंचा दहा

फुलपाड्यातल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात लोक येतात ते लांबचं दिसत नाही म्हणून, नाहीतर जवळचं दिसत नाही म्हणून. लांबचं जरा कमी दिसेल असा चष्मा करून द्या, असं म्हणणारं एकच गिऱ्हाईक मला आजवर भेटलं. साठीच्या, उंच, रुंद खांद्यांच्या बाई होत्या. पांढरे केस कानाच्या वर कापलेले, गळ्यात बारीक साखळीत क्रूस आणि हातात लांब दांड्याची छत्री. मी सवयीने भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. जुन्या चष्म्यातून त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला आणि म्हणाल्या, "हे सगळं दिसतं. हेच नकोय." मग हात पूर्ण लांब करून त्याच्या थोडं पुढे हवेत बोट दाखवलं. "इथलं मला स्वच्छ दिसू दे. पलीकडचं धूसर राहिलं तरी चालेल."

मला वाटलं, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असतील. मी तपासणीची फ्रेम चढवली आणि खुर्चीत सरळ बसायला सांगितलं. "बसून काय उपयोग?" असं म्हणून बाईंनी दुकानाचं दार लोटलं, बाकावरच्या एका गृहस्थांना उठवून काउंटरच्या मागे उभं केलं आणि फरशीवर चक्क पालथ्या पडल्या. छत्री खांद्याला लावली, दांड्यावर गाल टेकवला, भिंतीवर नेम धरला. "हां, आता तपास. मी काचेच्या मधून बघत नाही, या वरच्या कोपऱ्यातून बघते." मग मीही फरशीवर आडवी झाले आणि तशीच भिंगं बदलत राहिले. माझ्या शिक्षणात हे कुठे नव्हतं. त्या गृहस्थांना का उठवलंत, असं नंतर विचारलं तर म्हणाल्या, "छत्री असली म्हणून काय झालं? माणसाच्या दिशेने रोखायची नाही."

या रेमीबाई. नंदाखालच्या. आईने रेमेडी मातेला नवस केला होता म्हणून नाव रेमेडी. पण अख्ख्या गावाच्या त्या रेमीबाई, कारण तीसेक वर्षं शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. कॉलेजात एनसीसीमध्ये असताना रायफल हातात आली आणि मग ती सुटलीच नाही. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारायची सोय नव्हती, तरी एकदा मी विचारलंच, तेव्हा म्हणाल्या, "रविवारी सकाळी मिस्सा, दुपारी रेंज. नवऱ्याला वेळ कुठे होता?" केळी-नारळाच्या वाडीत भाऊ अंतोनदादा आणि त्यांचं कुटुंब यांच्याबरोबर राहायच्या. दादांशी त्या घरच्या बोलीत बोलायच्या, तेव्हा माझ्या कोकणी कानांना त्यातलं निम्मंच कळायचं. माझ्याशी मात्र शाळेतलं मराठी, आणि हाक मारायची ती "बाय".

चष्मा तयार झाला. तो नीट जमलाय की नाही ते बघायला त्यांनी मला मुंबईतल्या रेंजवर यायला सांगितलं. मी गेले ती निव्वळ कुतूहल म्हणून. दहाबारा जण चटयांवर पालथे पडून पन्नास मीटरवरच्या टार्गेटवर गोळ्या झाडत होते. रेमीबाईंनी रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला, आणि काहीच केलं नाही. मग रायफल खाली घेतली. पुन्हा लावली, पुन्हा खाली घेतली. शेजारच्या पोरांच्या दोन-दोन गोळ्या झाल्या तरी बाईंची एक नाही. मला वाटलं, मेलं, चष्म्याचं गणित चुकलं. मी कासावीस होऊन मागून विचारलं, "बाई, दिसत नाही का?" मान न वळवता त्या म्हणाल्या, "दिसतंय की. म्हणून तर मारत नाहीये." थोड्या वेळाने एक बारीकसा आवाज झाला. टार्गेट दाखवणाऱ्या शेजारच्या पडद्यावर पाहिलं तर गोळी मधोमध होती.

त्या दिवशी त्यांनी मला चटईवर झोपवलं आणि नुसतं रिकाम्या रायफलीतून बघायला लावलं. पुढच्या टोकाच्या कडीत काळं टार्गेट बसलं, श्वास सोडला, आणि सगळं जग त्या एका कडीएवढं झालं. दुकान, गिऱ्हाइकं, सासूबाईंचं पथ्य, मुलीचे क्लास यातलं काहीही त्या कडीत मावत नव्हतं. पस्तिशीच्या बाईला असं काही सुचणं जरा विचित्रच, पण घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, मला हे शिकायचंय. सुहास म्हणाला, "आधी पापड भाजताना हात भाजून घेणं थांबव." पण क्लबच्या अर्जावर फोटो चिकटवून दिले त्यानेच.

अर्ज म्हटल्यावर पोलीस चौकशी आली. मनवेलपाड्यात आमच्या बिल्डिंगखाली हवालदार मोटरसायकल लावून माझं नाव विचारू लागला, तेव्हा मी दुकानात होते. संध्याकाळी घरी येईपर्यंत तीन मजल्यांवर बातमी होती की नकली काचा विकल्याबद्दल मला पकडणार आहेत. सोसायटीचे सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, वकील ओळखीचा आहे." मी रायफलीचं सांगितल्यावर तर ते आणखी दोन पायऱ्या मागे सरकले. रेमीबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आता मेंटेनन्स थकला तरी कोणी मागायला येणार नाही बघ," म्हणाल्या.

शिकवायची त्यांची पद्धत अशी की कित्येक आठवडे गोळी म्हणून नाही. शनिवारी दुपारी दुकान बहिणीवर सोपवून मी नंदाखालला जायचे. केळीच्या दोन रांगांमध्ये गोणपाट अंथरून आम्ही दोघी पालथ्या पडायचो आणि विहिरीच्या कठड्यावर लावलेल्या काळ्या ठिपक्यावर रिकाम्या एअर रायफलीने नेम धरायचो. अंतोनदादा पाण्याची पाळी द्यायला आले की कपाळाला हात लावायचे. "अगो रेमी, माणसं केळी बघायला वाडीत येतात, तुम्ही लोळायला येता." मुंग्या चावायच्या, कोपर सोलवटायचे. बाई म्हणायच्या, "माझे गुडघे प्रार्थनेने गेले आणि कोपर रायफलीने. वर गेल्यावर देव दोन्ही बघेल."

ट्रिगर ओढला की लगेच डोळे मिटायचे नाहीत आणि लगेच टार्गेटकडेही बघायचं नाही. आधी तोंडाने सांगायचं, गोळी कुठे गेली ते. रिकाम्या रायफलीतसुद्धा. ट्रिगर सुटला त्या क्षणी कडी कुठे होती, हे फक्त मारणाऱ्यालाच ठाऊक असतं. घड्याळाच्या तबकडीसारखं ते सांगायचं. "नऊ, बाराच्या बाजूला." "आठ, तीनच्या बाजूला." याला नेमबाज कॉल म्हणतात. यावर रेमीबाईंचा जेवढा कटाक्ष होता तेवढा नेमावरही नव्हता. मी सुरुवातीला उगाच "दहा" म्हणून मोकळी व्हायचे. त्या म्हणायच्या, "मला खूश करू नकोस. आधी सांग, मग बघ. बघून सांगायला तर अंतोनपण सांगेल." हळूहळू मला खरं सांगता यायला लागलं. आणि गंमत म्हणजे, खरं सांगता यायला लागलं तसं नेमही बसायला लागला.

पन्नास मीटरवर माझे बरे गुण पडायला लागल्यावर बाईंनी तीनशे मीटरचं काढलं. त्यांचा खरा जीव तिथे होता. तीनशे मीटरवर रायफल मोठी, खांद्याला बसणारा धक्का मोठा, आणि मध्ये सगळा वारा. तो वारा शिकवायला त्या मला मिठागराच्या बांधावर घेऊन गेल्या. एप्रिलची दुपार. तिवईवर दुर्बीण लावली आणि म्हणाल्या, लांबच्या बांधावर नजर ठेव. बांधावर उन्हाच्या झळा पाण्यासारख्या हलत होत्या. "पाणी कुठे वाहतंय ते सांग." डावीकडे, म्हटलं. "म्हणजे वारा डावीकडे. आता?" आता झळा सरळ वर चालल्या होत्या, पातेल्यातल्या आधणासारख्या. "हे उकळतंय. उकळताना मारायचं नाही. वारा थांबल्यासारखा वाटतो, पण तो फिरायच्या बेतात असतो. रायफल उतरवायची." मीठ ओढणारा एक जण बराच वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी न राहवून जवळ आला. "बाई, तिथं पानी नाय हां. कालच सुकवलाय त्यो." रेमीबाईंनी त्याला दुर्बिणीतून दाखवलं. त्याने बघितलं, आणखी एकदा बघितलं आणि आम्हाला पाणी प्यायला दिलं. ऊन लागलंय असं त्याला वाटलं असावं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात राज्य स्पर्धा आली. घाटावरच्या एका माळरानावर तीनशे मीटरची रेंज होती. अशी रेंज आम्हाला वर्षातून एखाद्या वेळीच मिळते. तिथे ठरलेले किमान गुण मिळाले तर राष्ट्रीय स्पर्धेला जाता येतं, नाही मिळाले तर पुन्हा वर्षभर केळीच्या रांगा. मला ते गुण हवे होते. किती हवे होते हे आता सांगायला संकोच वाटतो. घरच्यांनी माझे शनिवार सोडून दिले होते, बहिणीने दुकान सांभाळलं होतं, आणि आपल्याला चष्म्याचा नंबर काढण्याखेरीज काहीतरी येतं, हे मला एकदा कागदावर बघायचं होतं. रेमीबाईही खेळत होत्या. सोडतीत आमच्या जागा शेजारी शेजारी आल्या. त्या माझ्या डावीकडे.

शेवटच्या फेरीतली शेवटची गोळी उरली होती. हिशेब करायचा नाही असं बाईंनी बजावलं होतं, तरी मी केला होता. नऊ पुरे होता. दुर्बिणीत पाणी उकळत होतं. मी रायफल उतरवली. डावीकडे बाईंनीही उतरवलेली दिसली. थांबलो. मग झळा कलल्या, रेंजवरचा वाऱ्याचा झेंडा हलला, मी पुन्हा खांद्याला लावली आणि ट्रिगर दाबला. त्याच क्षणी डावीकडूनही आवाज झाला. माझा कोपर किंचित सरकला होता. मी पुटपुटले, "आठ, तीनच्या बाजूला." म्हणजे एका गुणाने कमी.

समोरचं टार्गेट खाली गेलं, टार्गेटखालच्या खंदकातल्या माणसांनी खुणा लावून ते वर केलं, आणि त्यावर दोन खुणा होत्या. एक आठवर, उजवीकडे. दुसरी बरोबर मधोमध. डावीकडचं, रेमीबाईंचं टार्गेट कोरं होतं. मला काही उमगायच्या आत बाईंचा हात वर झाला होता. "क्रॉसफायर," त्या मोठ्याने म्हणाल्या. "माझा." शेजारच्याच्या टार्गेटवर गोळी मारणं ही आमच्या खेळातली सगळ्यात लाजिरवाणी चूक. नवखे ती फारशी करत नाहीत, कारण ते एकदा लावलेली रायफल उतरवतच नाहीत. जे पुन्हा पुन्हा उतरवतात आणि पुन्हा लावतात, तेच कधीतरी परत येताना एक घर चुकतात.

रेंज ऑफिसर आले. फौजेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ होते. त्यांनी नियम सांगितला. ज्याने चुकीच्या टार्गेटवर मारलं त्याला त्या गोळीचं शून्य. ज्याच्या टार्गेटवर ती लागली त्याची गोळी कुठली हे ठरवता आलं नाही, तर त्याला दोन्हींतला जास्तीचा गुण. म्हणजे मला दहा. म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचा कॉल काय होता?"

मी तोंड उघडलं. मधल्या वेळात, खरं सांगते, माझ्या डोक्यात एकही शब्द नव्हता. आठ नव्हता, दहाही नव्हता. तेवढ्यात डावीकडच्या चटईवरून बाई बोलल्या. "दहा माझा होता. स्वच्छ गेला."

ऑफिसर बाईंकडे वळले. त्यांना बहुधा मी कोणाची शिष्या आहे ते माहीत होतं. "बाई, तुम्हाला दोन्हीकडून शून्यच मिळणार आहे. आठवत नसेल तर तसं सांगितलं तरी चालेल."

"आठवतंय," रेमीबाई म्हणाल्या. "दहा माझा."

मग माझा आठ ठरला. एका गुणाने माझं वर्ष गेलं आणि एका शून्याने बाईंचंही.

परतीच्या प्रवासात बाई जुना चष्मा लावून गाडी चालवत होत्या आणि मी खिडकीबाहेर बघत होते. मनात राग होता, आणि राग धरायला जागा नव्हती, म्हणून तो चष्म्यावर गेला. घोडबंदरच्या रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "लांबचं मीच धूसर करून दिलं. नंबराच्या पाट्या तुम्हाला दिसल्या नसतील."

"चष्म्याला नावं ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "नंबर बघायचा असतो, तो मी बघितला नाही. कोपर हलला आणि परत आले ती शेजारणीच्या घरात. माझी चूक मला पुरते, तुझी त्यात घालू नकोस." माझ्या गेलेल्या वर्षाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. मला ते फार लागलं. निदान वाईट वाटलं एवढं तरी म्हणायचं.

मग कित्येक शनिवार मी नंदाखालला फिरकले नाही. लग्नसराई आहे, गॉगल्सना गर्दी आहे, अशी कारणं फोनवर सांगितली. एके दिवशी बाईच दुकानात आल्या. काउंटरवर केळ्यांची फणी ठेवली आणि म्हणाल्या, "शनिवारी ये. विहिरीवरचा ठिपका उन्हाने उडाला होता, नवा लावलाय." माझं बोलणं चालू व्हायची त्यांनी वाट बघितली नाही, बाकावर बसलेल्या आजींची चौकशी केली आणि गेल्या. मी शनिवारी गेले. न जाऊन काय करणार होते? त्यांच्याइतकं मन लावून मला आयुष्यात कोणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याच माळरानावर मला गुण मिळाले. बाई खेळल्या नाहीत, माझ्या मागे खुर्ची टाकून बसल्या. नंतर राष्ट्रीय स्पर्धेत मी निकालात बरीच खाली होते. पण तिथे चटईवर पडून, आपल्याला खरं काय ते सांगता येतं या भरवशावर मी खेळले, आणि तो भरवसा रेमीबाईंचा होता. आज माझ्याकडे रेंजवर दोन नव्या मुली येतात. त्यांनाही मी आठवडेच्या आठवडे गोळी देत नाही. त्या कंटाळतात आणि मला बाईंची आठवण येऊन हसू येतं.

रेमीबाईंना पोटाचा आजार झाला तो उशिरा कळला. त्या गेल्या तेव्हा नंदाखालच्या चर्चमध्ये त्यांचे इतके विद्यार्थी आले होते की बाहेर मांडव घालावा लागला. अंतोनदादा माझा हात धरून नुसते उभे राहिले. मी खूप रडले. सासूबाईंनंतर एवढी कोणासाठी रडले नव्हते.

त्याच्या काही महिने आधीची गोष्ट. बाई ओट्यावर आरामखुर्चीत होत्या, फार बारीक झालेल्या. मी मोसंबी सोलत होते. मनात इतकी वर्षं दाबून ठेवलेलं ते मी विचारलंच.

"बाई, त्या दिवशी तुम्ही एवढी घाई का केलीत? कॉल मला विचारला होता. मी आठच म्हटलं असतं."

"म्हटलंही असतंस," त्या म्हणाल्या.

"मग? तुमचा विश्वास नव्हता?"

मी एक फोड पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"मी तुझं तोंड बघत होते, बाय. तू काय म्हणशील ते मला कळेना. तुलाही कळत नव्हतं. दहा म्हणाली असतीस, तर दर शनिवारी वाडीत तो दहा तुझ्या शेजारी येऊन झोपला असता." मग त्यांनी माझ्या हातातली फोड घेतली. "खात्री असती तर मी गप्प बसले असते."

मी काय म्हटलं असतं हे मला आजही माहीत नाही. ते मला कधीच कळू नये, म्हणून त्या बाईने भर रेंजवर माझं वर्ष स्वतःच्या हाताने घालवलं आणि माझा राग सोसला. यासाठी त्यांचे आभार कसे मानायचे ते मला त्या दिवशी सुचलं नाही. मी मोसंबी सोलत राहिले आणि त्या एकेक फोड खात राहिल्या.